बावन्न हत्ती आणि एक गिनीपिग

जबलपूरच्या जुन्या बाजारात बडा फुहारा, सराफा आणि कमानिया गेट ही नावं एका दमात घेतली जातात. ‘कमानिया’त कमान आहेच, वर पुढे ‘गेट’ही आहे, एकाच दाराला दोनदा दार म्हणण्याचा हा जबलपुरी थाट. ही कमान म्हणजे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण. मार्च महिन्यात शहराबाहेर नर्मदेच्या बाजूला अधिवेशन भरलं. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणले होते, म्हणून मिरवणुकीच्या रथात त्यांची तसबीर ठेवली. काँग्रेसचं हे बावन्नावं अधिवेशन, म्हणून रथाला हत्तीही बावन्न.

इतिहासाच्या पुस्तकांत मिरवणूक येते, ठराव येतात, बोसांचा पुढचा राजीनामाही येतो. बावन्न हत्तींच्या वैरणीचं काय केलं, ते मात्र येत नाही. मोठा हत्ती दिवसाला शंभर ते दीडशे किलो हिरवा चारा सहज फस्त करतो. म्हणजे बावन्न हत्तींना रोज पाच ते आठ टन. कुणीतरी माहूत, कुणीतरी कारकून त्या दिवसांत फक्त गवताचा हिशेब करत बसला असणार.

आता त्याच कमानीखालून आज एखादी शाळकरी मुलगी पुठ्ठ्याच्या खोक्यात गिनीपिग घेऊन चालली आहे, असं समजा. प्राण्याचं वजन जेमतेम किलोभर. नाव गिनीपिग, पण तो गिनीचा नाही आणि डुक्कर तर मुळीच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेला हा कुरतडणारा प्राणी. मुलगी घरी पोचते आणि पहिला प्रश्न पडतो तो माहुताचाच: याला खायला काय घालायचं?

प्रश्न जसा एक आहे, तशी पोटाची रचनाही बरीचशी एकच आहे. गाय गवत गिळते, ते आधी तिच्या मोठ्या कोठीपोटात आंबतं, मग ती निवांत बसून रवंथ करते. हत्ती, घोडा आणि गिनीपिग यांचं उलटं. त्यांचं जठर साधं, माणसासारखं. गवत आंबवण्याचं काम त्यांच्याकडे शेवटी, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या उंडुक नावाच्या पिशवीत आणि त्याच्या पुढच्या आतड्यात होतं. आंबवणी उशिरा होते, त्यामुळे अन्नातलं बरंच सत्त्व न वापरता बाहेर पडतं. हत्ती त्यावर साधा उपाय करतो: भरमसाट खातो. किलोभराच्या जिवाला ते परवडत नाही. म्हणून गिनीपिग उंडुकात तयार झालेल्या मऊ लेंड्या परत खातो आणि राहिलेलं सत्त्व दुसऱ्या फेरीत काढून घेतो. गाईचं रवंथ तोंडाकडून होतं, याचं दुसऱ्या टोकाकडून. पाहणाऱ्याला किळस वाटते, पण ते थांबवू नये. ते त्याच्या जेवणाचं दुसरं वाढप आहे.

यातून एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेण्यासारखी आहे. गाईला चालतं ते गिनीपिगला चालेलच असं नाही. आपल्याकडे वैरणीचं सगळं शहाणपण गाई-म्हशींभोवती जमलेलं आहे. त्यामुळे घरातली आजी जेव्हा म्हणते, “अगं, एवढं काय शोधतेस? गवळ्याकडून मूठभर भूसा आण की!”, तेव्हा ती गाईच्या पोटाचा विचार करत असते.

दातांचं गिरमिट

गिनीपिगच्या तोंडात वीस दात असतात: पुढे चार पटाशीचे, मागे सोळा दाढा. हे वीसही दात जन्मभर वाढत राहतात. हत्तीला निसर्गाने दाढांचे सहा संच दिलेत. एक झिजला की मागून दुसरा सरकत येतो. गिनीपिगला संच एकच, पण न संपणारा. म्हणजे झीज थांबली की पंचाईत. दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या वळतात, जीभ अडकते, आणि समोर ताट भरलेलं असतानाही प्राणी उपाशी राहतो.

झीज होते ती गवतानेच. गवताच्या पेशींमध्ये सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. काचेचा आणि वाळूचा मूळ पदार्थ तोच. लांब काडी तोंडात ओढून जबडा भराभर मागेपुढे करत गिनीपिग ती दळतो, तेव्हा दाढांवर बारीक कानस फिरत असते. दुकानातल्या गोळ्या दोन-चार चाव्यांत विरघळतात. त्या पोट भरतात, पण दात झिजवत नाहीत. म्हणून गोळ्या चमचाभर, भाजी वाटीभर आणि गवत मात्र कधीच न संपणारं, हे साधं प्रमाण. त्याच्या समोर त्याच्याच अंगाएवढा गवताचा ढीग दिवसरात्र असावा.

पोटालाही हेच हवं. लांब तंतू आतड्याला हलतं ठेवतात. तंतू कमी पडला, की उंडुकातली जिवाणूंची वस्ती बिघडते, वायू धरतो, आतडं थंडावतं. गिनीपिगने आठ-दहा तास काहीच खाल्लं नाही, तर ‘उद्या बघू’ म्हणण्याची सोय नसते. त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावं लागतं. जबलपूरकरांचं याबाबतीत नशीब बरं: १९४८ पासून शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २००९ पासून नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठ.

शब्द अनेक, वस्तू मात्र नाही

मराठीत वैरणीला शब्दांची ददात नाही. ज्वारीचा तो कडबा, भाताचा तो पेंढा, गव्हाचं ते भूस, उसाचं ते पाचट. बारीक केलं की कुट्टी, बांधलं की पेंढी, रचलं की गंजी. जबलपूरच्या बाजारात पेंढ्याला ‘पैरा’ आणि भुसाला ‘भूसा’ म्हणतात, एवढाच फरक. पण या यादीकडे नीट पाहा. यातली प्रत्येक वस्तू दाणे किंवा रस माणसाने काढून घेतल्यानंतर उरलेली आहे. धान्य आधी, वैरण मागाहून, हा आपल्या शेतीचा हिशेब आहे आणि तो गरिबीतून आलेला, अगदी रास्त हिशेब आहे.

गिनीपिगला हवं असलेलं वाळलेलं गवत वेगळं. ते दाणा भरण्याआधी, पोटरीतून तुरा नुकता बाहेर पडताना कापलेलं असतं. झाडाचा सगळा जीव त्या वेळी पानांत आणि कोवळ्या काडीत असतो. दाणा भरू लागला, की झाड पानांतली साखर आणि प्रथिनं ओढून दाण्यात नेऊन ठेवतं आणि काडी लाकडासारखी होते. म्हणून गव्हाच्या भुसात प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर उतरतात, तर वेळेवर कापलेल्या गवतात ती साधारण आठ ते दहा टक्के असतात. भूसा आणि गवत यांत फरक वनस्पतीचा नाही. फरक तारखेचा आहे.

मग आपल्याकडे तुऱ्याच्या वेळी गवत कापून वाळवायची रीत का रुजली नाही? कारण पंचांग आड आलं. आपली रानगवतं, म्हणजे शेडा, पवना, मारवेल, जूनच्या पावसावर वाढतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तुऱ्यावर येतात. नेमका तेव्हा पाऊस चालू असतो. कापलं तर वाळण्याऐवजी कुजतं. ऊन पडतं दसऱ्याच्या सुमारास, तोवर गवत बी टाकून मोकळं झालेलं असतं. गवत आणि ऊन यांची गाठच पडत नाही. त्यात भर कुसळीची. तिच्या बियांना सुईसारखी टोकं आणि पिळदार शेपूट असतं. धोतराला चिकटलेलं कुसळ काढताना ज्याने बोट टोचून घेतलंय, त्याला गिनीपिगच्या हिरडीत किंवा डोळ्यात ते गेलं तर काय होईल, हे सांगायला नको. दिवाळीनंतर डोंगरावरून आलेला गवताचा भारा म्हशीला ठीक. गिनीपिगसाठी तो एकेक काडी निवडूनच वापरावा लागतो.

टिमथीचा मान

पाळीव प्राण्यांच्या दुकानात विचारलं, तर एकच नाव पुढे येतं: टिमथी. पाकिटावर हिरवंगार कुरण, आत साता समुद्रापलीकडचं गवत. टिमथी हे थंड हवेचं गवत. अठराव्या शतकात अमेरिकेत टिमथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्याने त्याचा प्रसार केला, त्याचंच नाव गवताला चिकटलं. जबलपूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर चढतो. तिथे टिमथीचं शेत करून काही साधणार नाही. म्हणून ते जहाजातून येतं, आणि पाकिटाच्या किमतीत गवताबरोबर जहाजाचं भाडं, जकात, गोदाम आणि रंगीत पिशवी हे सगळं आपण भरतो.

टिमथी चांगलं आहे, यात वाद नाही. तंतू भरपूर, कॅल्शियम बेताचं, प्रथिनं बेताची. पण त्याचा मोठेपणा नावात नाही. त्याच्या देशात ते तुऱ्यावर येतं तेव्हा नेमका कोरडा उन्हाळा असतो. तिथे गवत आणि ऊन यांची गाठ पडते, एवढंच. ही गाठ आपल्याकडे कुठे पडते, ते शोधलं की स्वस्त गवताचा प्रश्न निम्मा सुटतो.

ती पडते रब्बीत.

जईची पेंढी

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेली जई, म्हणजेच ओट, फेब्रुवारीच्या आगेमागे तुऱ्यावर येते. आकाश निरभ्र, हवा कोरडी, ऊन तापदायक नाही. जबलपूर या पिकाला परकं नाही. शहराच्या आधारताल भागात १९६४ साली स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. तिथे चारापिकांवर वर्षानुवर्षं काम झालंय. ‘जेओ’ या अक्षरांनी सुरू होणारे जईचे वाण आणि ‘जेबी’ने सुरू होणारे बरसीमचे वाण हे इथलेच. महाराष्ट्रातल्या वाचकांनी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा ओट आठवावा. म्हणजे गिनीपिगचं गवत आपल्या दाराशी पिकतंय, फक्त ते म्हशीच्या नावाने पिकतंय.

परियट आणि गौर नद्यांच्या काठी जबलपूरच्या दुधाच्या डेअऱ्या पसरल्या आहेत. हिवाळ्यात जिथे म्हशी आहेत, तिथे हिरवा चारा आहे. तिथल्या माणसाला ‘गिनीपिगसाठी हवंय’ म्हटलं, तर तो आधी तुमच्याकडे बघेल, मग हसेल, मग विचारेल, “भैया, वो क्या होता है?” त्याला फक्त दोन गोष्टी सांगायच्या: बरसीम नको, जई हवी, आणि कुट्टी करायची नाही, उभी काडी हवी.

कुट्टी का नको, ते आता कळलं असेल. दाताला लांब काडी लागते, आणि बारीक तुकड्यांबरोबर धूळ येते. गिनीपिगची फुप्फुसं नाजूक. धुळीने शिंका, शिंकांमागून न्यूमोनिया.

बरसीम का नको, हे जरा समजावून सांगावं लागतं, कारण दिसायला ते फार देखणं असतं. मेथीसारखी तीन-तीन पानं, रसरशीत हिरवा रंग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इजिप्तहून आपल्याकडे सिंधमध्ये आलं आणि उत्तर भारताच्या दुधाचं भाग्य पालटलं. लसूणघास हा त्याचाच भाऊबंद. ही दोन्ही गवतं नव्हेत, शेंगवर्गी झाडं आहेत. त्यांत प्रथिनं जास्त, आणि कॅल्शियम गवताच्या तिप्पट-चौपट किंवा त्याहूनही अधिक. दूध देणाऱ्या म्हशीला ते वरदान. गिनीपिगचं शरीर मात्र खाण्यातलं कॅल्शियम बेधडक शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतं. रोज असंच चाललं, की लघवी गढूळ होते, मूत्राशयात गाळ साचतो आणि कधी खडा बनतो. सहा महिन्यांच्या आतली पिल्लं आणि गाभण माद्या यांना बरसीम किंवा लसूणघास थोडी द्यायला हरकत नाही. प्रौढ प्राण्याला ती सणासुदीच्या पक्वान्नासारखी, तीही क्वचित.

आणि दूर्वा? ती तर प्रत्येक मराठी घराच्या ओळखीची. जबलपुरात तिला दूब म्हणतात. गणपतीला एकवीस जुड्या वाहणाऱ्या घरात गणपतीच्या वाहनाचा हा दूरचा नातेवाईक आला, तर दूर्वांवर त्याचाही हक्क पोचतो. गंमत म्हणजे हीच दूर्वा अमेरिकेत ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून शेतात लावतात, गठ्ठे बांधून घोड्यांना घालतात. १९४३ साली जॉर्जिया राज्यात तिचा खास वैरणीचा वाण काढला गेला. आपण तिला पूजेच्या तबकात ठेवतो, ते तिला गोदामात रचतात. स्वच्छ अंगणातली किंवा शेताच्या बांधावरची दूर्वा हिरवी किंवा वाळवून जरूर द्यावी. रस्त्याकडेची मात्र नको; तिथे गाड्यांचा धूर असतो, कुत्र्यांनी पाय वर केलेले असतात आणि तणनाशकाचा फवाराही झालेला असू शकतो.

कडब्याबद्दल एक इशारा. कोवळ्या, विशेषतः पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. जनावरांना ‘किराळ लागते’ ती यानेच. हिरवी पोरवयाची ज्वारी गिनीपिगला देऊच नये. पिकलेला वाळका कडबा विषारी नसतो, पण काडी इतकी जाड की खाण्यापेक्षा खेळण्यालाच बरी. पेंढा आणि भूसा पिंजऱ्यात अंथरायला ठीक. जेवणाच्या ताटात नाही.

पेंढी हातात घेतल्यावर

समोर जईची वाळलेली पेंढी आहे. दुकानदार म्हणतोय, एकदम ताजी. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे पेंढीच सांगते. बाहेरून पाहू नका. गाठ सोडा आणि मधल्या काड्या बाजूला करा. बाहेरचा थर उन्हाने पिवळा पडलेला असेल तर बिघडत नाही. आतला रंग मात्र फिका हिरवा किंवा पोपटी हवा. आतही तपकिरी असेल, तर गवत वाळण्याआधी भिजलंय किंवा ढिगात तापलंय. काळे ठिपके किंवा पांढुरकी बुरशी दिसली, तर पुढे काही पाहायचंच नाही.

मग मूठभर गवत नाकाशी धरा. चांगल्या गवताला गोडसर वास येतो, चहाच्या डब्याचं झाकण उघडल्यावर येतो त्या जातीचा. कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास आला, की बुरशी डोळ्याला दिसली नाही तरी आहे. वास न येणं म्हणजे गवत जुनं. विषारी नाही, पण निःसत्त्व.

आता तुरा पाहा. जईचा तुरा झुंबरासारखा लोंबता असतो. त्यातलं एक कणीस दोन नखांत दाबा. काहीच लागलं नाही, टरफल रिकामं, तर कापणी वेळेवर झाली. चिकट पांढरा ठिपका उमटला, म्हणजे दाणा दुधावर होता, चालेल. टणक दाणा हाताला लागला, तर ते गवत नव्हे, दाण्यासकटचा पेंढा आहे. गिनीपिग दाणे वेचून खाईल, काडी सोडून देईल आणि तुम्हाला वाटेल तो छान जेवतोय.

शेवटी पेंढी उन्हाच्या तिरिपेत धरून झटका. धुळीचा लोट उठला तर परत ठेवा. झटकताना खाली काय पडतं तेही पाहा: माती, उंदराच्या लेंड्या, आणि गाजरगवताची कातरलेली पानं. हे गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि तिथून देशभर फोफावलं. ते माणसाच्या कातडीला खाज आणतं, जनावराच्या तोंडात गेलं तर तोंड आणि पोट दोन्ही बिघडवतं. योग असा की या तणाशी लढणारी देशातली मुख्य संस्था, खरपतवार अनुसंधान निदेशालय, जबलपुरातच आहे, १९८९ पासून. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो, त्याची सूत्रं इथूनच हलतात. पेंढीत गाजरगवत किंवा घाणेरीची पानं दिसली, तर ती निवडत बसू नका, पेंढीच नाकारा.

किती लागतं, कितीला पडतं

गिनीपिग दर शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण सहा ग्रॅम सुकं अन्न खातो. किलोच्या प्राण्याला साठ ग्रॅम. गिनीपिग एकटा ठेवू नये, तो कळपातला जीव आहे. म्हणून दोन धरा. महिन्याला साडेतीन किलोच्या वर. त्यात तो गवतावर बसतो, झोपतो, मुततो. ती नासाडी धरून महिना पाच किलो, वर्षाला साठ किलो.

पाकीट विकत घेताना किंमत पाहू नका, किलोचा भाव काढा. अर्धा किलोची तीन पाकिटं घेणारा माणूस एकगठ्ठा पाच किलो घेणाऱ्यापेक्षा बहुधा जास्तच मोजतो. आणि घरी वाळवायचं असेल, तर हे गणित लक्षात ठेवा: हिरव्या जईत सुमारे ऐंशी टक्के पाणी असतं. बारा टक्क्यांवर आणेपर्यंत साडेचार किलोचं एक किलो उरतं. समजा हिरवी जई किलोला पाच रुपयांनी मिळाली, तर वाळलेली तेवीस रुपयांच्या आसपास पडेल. पाच किलोच्या महिन्याच्या साठ्याला बावीस-तेवीस किलो हिरवा चारा, म्हणजे दोन मोठे भारे. गच्चीवर सहज मावतात.

वाळवणाची कला मराठी घराला नवी नाही. कुरडया-पापड ज्या गच्चीवर वाळतात, तिथेच हेही. बाज किंवा जुनी मच्छरदाणी ताणून तिच्यावर काड्या चार बोटं जाडीने पसरा, म्हणजे खालूनही वारा लागतो. पहिल्या दिवशी ऊन, दोन-तीनदा उलथापालथ. दुसऱ्या दिवसापासून विरळ सावली, कारण कडक उन्हात हिरवा रंग आणि त्याबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा कच्चा माल उडून जातो. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करा. तीन-चार दिवसांत काडी वाकवली की कट्कन मोडायला हवी. खात्री नसेल, तर स्वयंपाकघरातली परीक्षा आहे: काचेच्या कोरड्या बरणीत गवताचे बारीक तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ मोकळं राहिलं तर गवत साठवायच्या लायकीचं. मिठाच्या गुठळ्या झाल्या, तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे, पुन्हा गच्चीवर.

पावसाळ्याची परीक्षा

फेब्रुवारीत वाळवलेलं गवत जुलैपर्यंत टिकवायचं, हा खरा कस. घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर गवत कोंडलं, की बुरशीला सुखाचं घर मिळतं. कापडी पिशवी किंवा स्वच्छ गोणी, भिंतीपासून हातभर दूर, फळीवर, उंदराला वाट नसलेल्या जागी. पावसाळ्यात उघडीप मिळाली की एकदा वारं द्या आणि पुन्हा वास घ्या.

बुरशीची भीती घालून मी उगाच घाबरवत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस जबलपूरच्या ईशान्येला, बांधवगडच्या जंगलात तीन दिवसांत दहा हत्ती मेले. त्यांनी कोदो या भरडधान्याचं उभं पीक खाल्लं होतं. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यांत सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडलं; बुरशीतून तयार होणारं विष. जे टनांच्या हत्तीला आडवं करतं, त्यापुढे किलोभराचा गिनीपिग किती? म्हणून कुबट वासाची एक मूठसुद्धा ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून पिंजऱ्यात टाकू नये. ती खतात जाऊ दे.

गवत सगळं देत नाही, हेही सांगून ठेवतो. वाळताना त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ संपतं, आणि माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही ते शरीरात बनवता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांनी गिनीपिगना नुसतं धान्य खायला घातलं आणि त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही झाला. माणसाच्या रोगाचं कोडं या छोट्या जिवामुळे उलगडू लागलं. त्याची परतफेड स्वस्तात होते: रोज ढोबळी मिरचीची एक फोड, कोथिंबिरीच्या चार काड्या, कधी पेरूचा तुकडा, हिवाळ्यात आवळ्याची चकती. आणि गवत बदलायचं असेल, तर आठवडा-दहा दिवस जुन्यात नवं मिसळत न्यावं. उंडुकातली जिवाणूंची वस्ती एका रात्रीत सवय बदलत नाही.

टिमथी परवडत असेल तर घ्यावं, त्यात कमीपणा नाही. परवडत नसेल तर हळहळू नये. वेळेवर कापलेली, नीट वाळवलेली जई त्याच्या जोडीला बसते, आणि उशिरा कापलेलं, गोदामात कुबटलेलं टिमथी परदेशी पाकिटातही वाईटच. येत्या फेब्रुवारीत एका सकाळी गोणी घेऊन डेअरीच्या वाटेला लागा. पेंढी सोडा, मधलं गवत नाकाशी धरा, तुऱ्यातलं कणीस नखात दाबा, आणि पैसे त्यानंतर द्या.